शुद्ध मराठी कुणी शोधत नाही

दोस्तांनो, आधी पोटाचं बोलू. आपली बी.ए., एम.ए. झालेली पोरं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत तिशी घालवतात. आणि ज्या धंद्यात आपल्या तोंडची भाषाच भांडवल आहे, तिकडं ढुंकून बघत नाहीत. त्याचं नाव बहुभाषिक एसईओ. माणूस आपल्या भाषेत गुगलला काही विचारतो, तेव्हा नेमकं पान त्याच्यापुढं वर यावं याची तजवीज करणं. भाषा दहा असतील तर दहाही भाषांत.

मी हेच काम करतो. पहिल्या मुलाखतीला समोरचा साहेब म्हणाला, "तुमची मराठी जरा अशुद्ध आहे." गप्प बसलो. आज सांगतो, साहेब, तुमची शुद्ध मराठी कुणी शोधतच नाही!

सरकारी कागदावर 'जात वैधता प्रमाणपत्र'. वस्तीतली पोरगी मोबाइलवर टाकते 'कास्ट व्हॅलिडिटी', तेही बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत. तिची आई म्हणते 'जातीचा दाखला', आणि तो तर वेगळाच कागद. ही गुंतागुंत ज्यानं तहसीलच्या पायऱ्या झिजवून शिकली, तो या धंद्यातला खरा कसबी. कीवर्ड शोधणं म्हणतात ते हेच. इंग्रजी पान यंत्रातून मराठीत पाडून घेणाऱ्याला ते जमणार नाही. मार्च २०२४ मध्ये तर गुगलनं नियमच आणला : वाचणाऱ्याच्या कामाचं नसलेलं लेखन ढिगानं पाडून वर यायला बघाल, तर खाली ढकलू, नाहीतर काढून टाकू.

दीक्षाभूमीचंच घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ चा तो दिवस आपण 'धम्मचक्र प्रवर्तन दिन' म्हणतो, हिंदीवाला 'दिवस' म्हणतो. तेलंगणातून येणारा भाऊ तेलुगूत काय म्हणतो, ते त्यालाच विचारावं लागतं. डिक्शनरी घेऊन बसून चालत नाही. म्हणून मराठीशेजारी आणखी एक भाषा पक्की करा. हिंदी सगळ्यांनाच येते. तेलुगू, कन्नड येणारा दुर्मिळ. आणि इंग्रजी वाचता आलीच पाहिजे, उगाच खोटं कशाला बोलू?

तांत्रिक भाग म्हणजे काही वेदमंत्र नव्हे. थोडं एचटीएमएल, एक्सेल, सर्च कन्सोल. आणि एचरेफलँग नावाची खूण, जी गुगलला सांगते की याच पानाची हिंदी आवृत्ती तिथं आहे. मराठी पानानं हिंदी पानाकडं बोट दाखवलं, तर हिंदीनंही उलट दाखवायचं. एकतर्फी नातं गुगल धरत नाही. बड्या बड्या साइटवाले इथंच आपटतात. या खुणेत दोन अक्षरी भाषा-कोड लागतो. मराठीला तो आहे. कोकणीला १९९२ साली संविधानाच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली, पण दोन अक्षरी कोड अजून नाही. अहिराणी, वऱ्हाडी तर सोडाच. कोडांच्या यादीतही गावकुसाबाहेर!

कुणी म्हणेल, म्हणजे भांडवलदाराचा साबण खपवायला आपली जीभ विकायची? होय, पगारासाठी विकायची, रोजंदारीवर हात विकतो तशीच. पण संध्याकाळी ते कसब आपल्या कामाला जुंपायचं. आता गुगल स्वतःच वरती तयार उत्तर छापतं. ते उत्तर जमवतं लोकांच्या पानांतूनच. आपलं पान नसेल, तर आपल्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर येणार.

आणि आपली पानं कुठायत? चळवळीचे कितीतरी अंक जुन्या फॉन्टात टाइप झालेत. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा. गुगलला शब्द कळत नाही. काही नुसते स्कॅन करून ठेवलेत, म्हणजे फोटोच. सगळं छापलेलं आहे आणि शोधायला गेलं की काहीच नाही. मी रविवारी बसून एकेक अंक युनिकोडमध्ये आणतोय. फॉन्ट बदलताना जोडाक्षरं मोडतात, 'ऱ्य'चं भलतंच होतं, ओळ न् ओळ तपासावी लागते. एकट्यानं महिन्याला एक अंक होतो. दोघं-तिघं आलात तर वेग वाढेल, आणि धंदाही हातोहात शिकून होईल.