मोकळी भूमी, थिजलेला काळ

‘मुक्तविश्व’ प्रकारच्या संगणकीय खेळांविषयी जे गंभीर लेखन होते, त्यात एक विधान आता जवळजवळ सिद्धान्ताच्या थाटात वावरते: खेळाडू वाटेल त्या दिशेने जाऊ शकतो, सबब तो सहलेखक ठरतो आणि रचनाकाराची सत्ता संपुष्टात येते. बार्थचा १९६७ चा निबंध आणि एकोची १९६२ ची ‘मुक्त कृती’ यांना साक्षीला उभे केले जाते. प्रस्तुत लेखकाला हे विधान मुळातच अमान्य आहे. मुक्त कृतीतील शक्यतांचे क्षेत्र कर्त्यानेच आखलेले असते, हे एकोने पुरेसे स्पष्ट केले होते. एकोचे नाव घेणाऱ्यांनी एको वाचावा, एवढी अपेक्षा गैर नसावी.

निन्टेंडोचा ‘द लिजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) हा या चर्चेतला लाडका दाखला. शंभर वर्षांच्या निद्रेतून जागा झालेला लिंक आरंभीच्या पठारावरची चार कूटगृहे पार करतो, त्याला पॅराग्लायडर मिळतो, आणि त्यानंतर तो थेट राजवाड्यावर चाल करून अंतिम शत्रूशी भिडू शकतो. उरलेले सारे ऐच्छिक. हे रचनेचे धैर्य निःसंशय मोठे आहे. परंतु या भूमीतल्या टेकड्या त्रिकोणी घाटाच्या का आहेत? चढावे की वळसा घालावा हा प्रश्न पडावा, पलीकडचे दृश्य योग्य क्षणापर्यंत झाकलेले राहावे, म्हणून. रचनाकारांनी २०१७ सालीच आपल्या व्यवसायबंधूंपुढे हे तंत्र उलगडून सांगितले. आपल्याला सुचली असे वाटणारी वाट कोणीतरी आधीच सुचवून ठेवलेली असते. कर्ता मेलेला नाही; तो डोंगराआड उभा आहे. यात कमीपणा काहीच नाही. किंबहुना ही कृतीची खरी कलात्मकता होय.

शस्त्रे फार लवकर मोडतात ही या खेळाविषयीची सर्वांत गाजलेली तक्रार. ती मला उथळ वाटते. मोडणारी तलवार खेळाडूला सवयीतून उपटते, झाडाची फांदी, वीज, उतारावरचा धोंडा यांच्याकडे पाहायला लावते. पावसात कडा निसरडा होतो, याचा वैताग येतो खरा. पण त्याच पावसात पावलांचा आवाज बुडतो. विरोध करणारे विश्व हे विश्व वाटते. आक्षेप घ्यायचाच तर कोरोकांच्या ९०० बियांवर घ्यावा. शस्त्रांची झोळी पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात. सगळ्या गोळा करणाऱ्याच्या हाती विष्ठेच्या आकाराची सोनेरी वस्तू पडते. संग्रहलोभाची ही थट्टा आहे असे म्हणावे, तर तो लोभ पोसणारी यंत्रणाही याच खेळाने उभारली आहे.

खरा दोष मात्र काळाच्या हाताळणीत आहे. या विश्वात भौतिक परिणाम आहेत, ऐतिहासिक परिणाम जवळजवळ नाहीत. गवत पेटते आणि पुन्हा उगवते. रक्तचंद्राच्या रात्री मारलेले सारे शत्रू उठून बसतात. शंभर वर्षे संकट थोपवून धरलेली झेल्डा, लिंक रानात भाजी शिजवत बसला तरी, हवी तितकी थांबते. आणि जे घडून गेले ते स्मृतींच्या सुट्या तुकड्यांतून, कोणत्याही क्रमाने, पाहायचे. क्रम वाचकाच्या हाती सोपवला म्हणून काही आधुनिकतावादी कादंबरी होत नाही. तुकड्यांचा क्रम बदलल्याने वर्तमानातल्या एकाही कृतीचा अर्थ बदलत नसेल, तर ते स्वातंत्र्य नव्हे, निव्वळ मांडणीची सवलत होय.

हे माध्यमाचे अटळ प्राक्तन आहे, असा बचाव होईल. तो टिकत नाही. याच मालिकेतील ‘माजोराज मास्क’ (२००० ) तीन दिवसांत कोसळणाऱ्या चंद्राखाली घडतो. तिथेही काळ मागे फिरवता येतो; पण फिरवला की ज्यांना आपण साहाय्य केले ते सारे आपल्याला विसरतात, आणि ही किंमत हाच त्या कृतीचा आशय बनतो. उलट २०२३ चा ‘टीअर्स ऑफ द किंगडम’ पाहा. झेल्डाचे काय झाले हे खेळाडूला स्मृतींतून आधीच कळू शकते. तरी तिला शोधणारी पात्रे तोच प्रश्न विचारत राहतात आणि लिंक मूग गिळून बसतो. ज्याला सहलेखक म्हणून गौरवायचे, त्याला ठाऊक असलेली गोष्ट उच्चारण्याचीही मुभा नाही. मुक्ततेच्या समर्थकांनी या मौनाचा अन्वय लावून दाखवावा.