कबुली कोणत्या भाषेतली?

खुनाच्या अपिलात न्यायमूर्तींसमोर साक्षीदार नसतो आणि बहुधा आरोपीही नसतो. असतात ते कागद. ओळख पटविताना साक्षीदार अडखळला की नाही, कबुली देताना आरोपीचा आवाज कापत होता की नाही, हे कागद सांगत नाहीत. बेला, जैनद, मुधोळ, भैंसा या भागांतील मराठी माणसाच्या वाट्याला तर हा कागदही परभाषेतला येतो. तो बोलतो मराठीत, जबानी उतरते तेलुगूत आणि उच्च न्यायालयात ती पोहोचते इंग्रजीत. या दुहेरी भाषांतराच्या टोकाला जन्मठेप किंवा फाशी असते!

भाषेची अडचण नसतानाही काय घडू शकते, ते नाशिकच्या खटल्याने दाखविले आहे. ५ जून २००३ च्या रात्री दरोडेखोरांनी एका घरात पाच जणांचे बळी घेतले. वाचलेल्या मातेने पोलिसांजवळील छायाचित्रांतून चार माणसे ओळखली. त्या चौघांवर खटला झालाच नाही. पिंजऱ्यात उभे राहिले ते भटक्या जमातींतील दुसरेच सहा जण, आणि कोर्टात साक्षीदारांनी बोट दाखविले ते त्यांच्याकडे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश महाराष्ट्र सरकारला दिला. सोळा वर्षांच्या कोठडीचे मोल पाच लाख! हे महाराष्ट्रातच घडले, हे आम्ही लपवीत नाही. राज्य आपले झाले म्हणून पोलीस देवमाणूस होत नाही.

कबुलीजबाबाची गोष्ट याहून नाजूक आहे. पोलिसापुढील कबुली पुराव्यात चालत नाही. मात्र तिच्यावरून कुऱ्हाड सापडली, तर तेवढा भाग चालतो. म्हणून तो पंचनामा पंचाला वाचता येतो की नाही, यावर एखाद्याचा प्राण अवलंबून राहतो. मॅजिस्ट्रेटपुढील कबुलीविषयी न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९५७ मध्येच बजावले होते की, पोलीस कोठडीतून आलेल्या आरोपीला विचारासाठी साधारणतः किमान चोवीस तास द्यावेत. परंतु ज्याला प्रश्नच नीट उमगला नाही, त्याने चोवीस तास कशाचा विचार करावयाचा?

नव्या फौजदारी संहितेत, साक्ष परभाषेतली असेल तर ती 'शक्य असल्यास' त्याच भाषेत नोंदवावी, असे म्हटले आहे. कबुलीचे ध्वनिचित्रमुद्रण करता येते, सक्ती नाही. 'शक्य असल्यास' या दोन शब्दांत आमची भाषा किती वेळा गाडली जाते, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना विचारा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राजुरा व किनवट मुंबई राज्यात गेले, आम्ही मागे राहिलो. विलीनीकरणाची आमची मागणी कायम आहे. पण तोवर कुणी न समजलेल्या जबानीवर फासावर जाऊ नये. मराठी आरोपीची कबुली मराठीतच, वकिलासमक्ष आणि ध्वनिचित्रमुद्रणासह नोंदविली जावी, असा नियम उच्च न्यायालयाने करावा. आणि वाचकहो, तपासात पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही घेण्यास कायद्याचीच मनाई आहे. पंचनाम्यावर सही मागितली, तर आधी तो मराठीत वाचून दाखविण्यास सांगा.