मापात पाप

एका दुकानात दोन तराजू आहेत, आणि एकाच पिशवीतील डाळ एका तराजूवर दहा किलो भरते व दुसऱ्यावर अकरा, असे समजू. गिऱ्हाईक पहिल्या तराजूस खरा म्हणेल, दुकानदार दुसऱ्यास. पिशवीतील डाळ मात्र दोघांच्या वादाने एका दाण्यानेही कमीअधिक होणार नाही. ‘मापात पाप’ हा शब्द आपण दुकानदाराच्या बाबतीत सहज उच्चारतो. परंतु गिऱ्हाईकही आपण, दुकानदारही आपण आणि मोजावयाचा माल म्हणजे आपलाच घाम, असे असेल तेव्हा हे पाप कोठे दडून बसते, याचा अनुभव आम्हांस गेल्या पावसाळ्यात देवास येथे आला. तो विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावा असे वाटते.

माळव्याची काळी माती पावसात सायकलीच्या चाकांना लगडते आणि रोजचा सराव मोडतो. म्हणून हौशी मुले हल्ली घरातच सायकल चालवितात. मागचे चाक एका चौकटीत पक्के करून रोलरवर टेकवितात. रोलरला विजेच्या चुंबकाचा ब्रेक असतो, आणि तो हवा तेवढा विरोध करतो. या यंत्रास ट्रेनर म्हणतात. स्वार जागचा हलत नाही. पण दर सेकंदास त्याने किती कार्य केले ते यंत्र वॅटमध्ये दाखविते. हीच शक्ती पेडलमध्ये बसविलेल्या पॉवर मीटरनेही मोजता येते. पायाच्या दाबाने धातू अतिसूक्ष्म वाकतो, त्यावर चिकटविलेल्या पट्टीचा विद्युत्‌रोध त्याबरोबर बदलतो, आणि त्यावरून बळ कळते. त्या बळास क्रँकच्या लांबीने व फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती मिळते. उलरिख शोबेरर या जर्मन अभियंत्याने १९८६ च्या सुमारास क्रँकमध्ये असा मापक बसविला, तेव्हापासून सायकलस्वाराच्या श्रमाला आकडा मिळाला.

आमचा देवासचा पुतण्या ट्रेनरवर सराव करतो, आणि धारचा भाचा पेडलच्या मीटरवर. दोघे व त्यांचे काही मित्र मिळून दर रविवारी वीस मिनिटे सायकल चालवीत, आणि आपापल्या सरासरीचा आकडा एकमेकांस फोनवरून कळवीत. सहा आठवडे देवासचा आकडा पहिला येत होता. तो २१४ पर्यंत चढला होता. धारचा भाचा १९८ वर अडला होता. गणपतीत तो देवासास आला तेव्हा आपण जात्याच दुबळे आहोत अशी त्याची समजूत झाली होती, आणि सायकल विकून टाकावी म्हणतो, असे तो आपल्या आईजवळ बोललाही होता. येताना त्याने पिशवीतून आपली पेडले आणली होती. ती देवासच्या सायकलीला लावली आणि पुतण्या स्वार झाला. ट्रेनरने २१४ दाखविले, पेडलने १८८. पाय तेच, घाम तोच, आणि अंतर सव्वीस वॅटांचे! लागलीच घरात दोन पक्ष पडले.

आम्ही वडीलकीच्या नात्याने निवाडा दिला, “दोहोंची सरासरी धरा.” सरासरी २०१ आली. पुढे हिशेब लागला तेव्हा खरे उत्तर २०० निघाले, म्हणजे आमचा निवाडा जवळजवळ बरोबर ठरला. परंतु गणिताचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून उतरविणाऱ्या विद्यार्थ्याचेही उत्तर बरोबरच असते. दोन चुकांची बेरीज करून तिला दोनाने भागले असता सत्य हाती लागते, असा कोठलाही नियम नाही. आमच्या बाबतीत तो निव्वळ योगायोग होता.

खरी वाट भाच्याने दाखविली. तो म्हणाला, “मामा, पेडलपासून चाकापर्यंत जाताना शक्ती थोडी तरी कमीच व्हायला हवी. साखळी काय पदरची शक्ती घालते?” मुलाचे म्हणणे खरे होते. साखळी व दातेरी चक्रे यांच्या घर्षणात शेकडा दोन ते चार भाग खर्ची पडतात. तेव्हा पेडलवर २०० असतील तर चाकाशी १९२ ते १९६ यावेत. चाकाशी अधिक आणि पेडलवर कमी, हे सृष्टिनियमाविरुद्ध आहे. म्हणजे निदान एक मापक चुकत होता, आणि कदाचित दोन्हीही.

मग मुलांनी पद्धतशीर शोध आरंभिला. पायांची गती मिनिटास नव्वद फेरे अशी कायम ठेवून त्यांनी तीन पायऱ्यांवर प्रत्येकी पाच मिनिटे सायकल चालविली व सरासऱ्या लिहिल्या. क्षणाक्षणाचे आकडे त्यांनी मुद्दामच टाळले, कारण प्रत्येक यंत्र आपल्या रीतीने ते गुळगुळीत करून दाखविते. पेडलने ९४, १४१ व १८८ दाखविले. ट्रेनरने १०७, १६० व २१४. या आकड्यांत रोगाचे निदान होते. मापकाचे शून्यच सरकले असते, तर गती एक असल्यामुळे तिन्ही वेळा सारखाच फरक पडला असता. येथे फरक तेरा, एकोणीस, सव्वीस असा श्रमाच्या प्रमाणात वाढत होता. अर्थात चूक शून्यात नव्हती, गुणकात होती.

गुणक म्हटला की क्रँकची लांबी आठवते. भाच्याच्या स्वतःच्या सायकलीचा क्रँक १६५ मिलिमीटरांचा, पुतण्याचा १७५. पेडले एका सायकलीवरून दुसरीवर आली, पण त्यांच्या नोंदीतील लांबी जुनीच राहिली होती. ती बदलताच, त्याच गिअरवर व त्याच गतीने, १८८ चे २०० झाले. धारला मात्र तीच पेडले अगदी खरे बोलत होती. ट्रेनरचा दोष निराळा होता. त्याचे कॅलिब्रेशन कित्येक महिन्यांपूर्वी, यंत्र थंड असताना व टायरमध्ये हवा कमी असताना झाले होते. मऊ टायर रोलरला अधिक अडवितो. ती अडवणूक यंत्राने हिशेबात धरली, आणि पुढे टायर कडक झाला तरी तीच धरून चालले. टायरमध्ये योग्य हवा भरून, दहा-पंधरा मिनिटे चालवून यंत्र गरम केले आणि मग रोलर मोकळा फिरून किती वेळात थांबतो ते यंत्राला मोजू दिले, तेव्हा २१४ चे १९५ झाले. पेडल २००, चाक १९५. पाच वॅट साखळीचे. हिशेब जुळला.

हिशेब जुळला, पण पुतण्याचा चेहरा उतरला. कॅलिब्रेशनचे बटण दाबण्यापूर्वी तो हळूच म्हणाला होता, “काका, दिवाळीपर्यंत हे असंच राहू द्या ना. मी काही मुद्दाम केलेलं नाही.” त्याने मुद्दाम केले नव्हते हे खरे. परंतु चूक अजाणता झाली तोवर ती चूक असते. कळल्यावर जपून ठेवली की तिचेच पाप होते.

कोणी म्हणेल, स्वतःचीच स्वतःशी तुलना करावयाची असेल तर काटा थोडा चुकीचा असला म्हणून काय बिघडले? या आक्षेपात तथ्य आहे. नेहमी सारखाच चुकणारा काटा प्रगती दाखवू शकतो. परंतु टायरमधील हवेबरोबर बदलणारा काटा सारखा चुकत नाही. आणि आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी मांडला की तो केवळ आपला राहत नाही; धारच्या मुलाच्या मनावर त्या फुगलेल्या आकड्यांनी काय परिणाम केला होता ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. जागतिक सायकल महासंघाने डिसेंबर २०२० मध्ये घरबैठ्या सायकल शर्यतीची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली, तेव्हा स्पर्धकांना एकाच जातीचे ट्रेनर पुरविले होते, ते याच कारणास्तव.

दोन मापके ठेवूच नयेत, असे मात्र आमचे मत नाही. देवास नगरीत थोरली पाती व धाकटी पाती अशा पवारांच्या दोन गाद्या १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत नांदल्या. दोन सत्ता एका गावात नांदावयाच्या तर कोणाची हद्द कोठवर हे ठाऊक असावे लागते. मापकांचेही तसेच आहे: एकाची हद्द पेडलशी, दुसऱ्याची चाकाशी. त्याच देवासात पंडित कुमार गंधर्व १९४८ पासून १९९२ मधील निधनापर्यंत राहिले, आणि तंबोरे लावण्यातील त्यांचा काटेकोरपणा रसिकांत प्रसिद्ध आहे. दोन तंबोऱ्यांपैकी कोणता मोठ्याने वाजतो हे गवई विचारीत नाही. दोन्ही एका षड्जाला लागेपर्यंत तो गाण्यास आरंभच करीत नाही.

त्या सायंकाळी पुतण्याने आपण होऊन सर्व मित्रांना कळविले की, माझे सहा आठवड्यांचे आकडे फुगलेले होते आणि नेमके किती हे आता सांगता येणार नाही. ते सर्व खोडून टाका. यापुढे प्रत्येकाने आपला आकडा पेडलचा की चाकाचा हेही लिहावे, असे ठरले. त्याच्या पायांतील बळ एका वॅटानेही कमी झाले नव्हते. धारच्या भाच्याने सायकल विकली नाही. पेडलवर मोजता एक २०० आणि दुसरा १९८. दोघे जवळजवळ तुल्यबळ निघाले! थंडीत दोघे मिळून धारहून मांडवगडास सायकलीने जाणार आहेत. तो घाट चढताना कोणाचेही कॅलिब्रेशन चुकत नाही.