तेलाचा पंप ओरडत नाही

आमच्या शाळेच्या पटावरची बरीच मुले शापोरा नदीकाठच्या वाड्यांवरून येतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरची चूल होडीमागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनावर पेटते. म्हणून या अंकात परीक्षा आणि स्नेहसंमेलन थोडे बाजूला ठेवून आम्ही इंजिनाच्या पंपावर लिहीत आहोत. शाळेच्या वार्तापत्रात हा विषय कशाला, असे एकदोन विश्वस्तांनी विचारलेच. त्यांना विनंती एवढीच, की पुढचे वाचून मग बोलावे.

निमित्त असे घडले. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास नववीतला एक विद्यार्थी दोन दिवस गैरहजर राहिला. वडिलांबरोबर जाळे ओढून परतताना नदीच्या मुखाशी, वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात नेमक्या त्याच जागी, त्यांचे इंजिन जाम झाले. मागून येणाऱ्या होडीने दोर टाकला म्हणून दोघे घरी आले. इंजिन उघडले तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे होते. तेलाचा पंप कधीचा निकामी झाला होता. आणि गंमत पाहा, आठ दिवस आधीच शेजारी म्हणाले होते, "इंजिन काय झकास चालतंय, धूरसुद्धा कमी झालाय!" धूर कमी झाला होता, कारण तेल आत जातच नव्हते.

ज्यांच्या घरी इंजिन नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनात मोटारीसारखी खाली तेलाची टाकी नसते. तेल पेट्रोलबरोबर आत जाते, बेअरिंग आणि सिलिंडर ओले ठेवते आणि जळून जाते. काही इंजिनांत हे तेल आपण हाताने पेट्रोलमध्ये मिसळतो. काहींत तेलाची वेगळी टाकी असते आणि इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा छोटा पंप थ्रॉटलप्रमाणे तेल कमीजास्त सोडतो. पेट्रोलचा पंप मात्र दोन्हींत असतो. त्यात रबरासारखा पातळ पडदा असतो. इंजिनाच्या आतला दाब खालीवर होतो तसा तो हलतो आणि टाकीतून पेट्रोल खेचतो.

हे दोन पंप बिघडण्याची रीत एकमेकांहून अगदी निराळी आहे, आणि आमचे म्हणणे त्यावरच उभे आहे.

पेट्रोलचा पंप बिघडला की तो लगेच सांगतो. होडी हळू चालते तोवर ठीक, वेग दिला की इंजिन धापा टाकते, विझते. अशा वेळी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा हाताने दाबत राहावे. त्याने इंजिन सावरले तर दोष बहुधा पंपात किंवा त्याच्या अलीकडच्या नळीत आहे. पण पंप खोलण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, नळीच्या जोडातून हवा शिरते का, गाळणीत पाणी साचले आहे का, हे पाहावे. निम्म्या वेळा पंप निर्दोषच निघतो, असा आमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकचा अनुभव आहे. पडदाच फाटला असेल तर त्याचे किट मिळते. चार स्क्रू, नवा पडदा, नवी गॅस्केटे, झडपा. हे काम घरी करता येते आणि करावे. मात्र सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून पडदा म्हणून बसवणारे आम्ही पाहिले आहेत. ते रबर पेट्रोलमध्ये फुगते. त्यांच्या कल्पकतेला नमस्कार, पण तसे करू नये.

तेलाचा पंप यातले काहीच करत नाही. त्याचा प्लास्टिकचा दाता झिजला, नळीत हवा अडकली, गाळणी तुंबली, तरी इंजिन शेवटच्या मिनिटापर्यंत सुरळीत चालते. धोक्याची शिट्टी असते, पण बहुतेक इंजिनांत ती टाकीतले तेल कमी झाल्यावरच वाजते. टाकी भरलेली आणि पंप मेलेला असेल तर शिट्टी गप्पच. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे: पेट्रोलचा पंप दुरुस्त करा, तेलाच्या पंपावर ठिगळ लावू नका. नवा घ्या, नाहीतर तो रीतसर काढून टाका आणि तेल हाताने मिसळा.

जॉन्सन आणि एव्हिनरूड या अमेरिकन इंजिनांत १९८४ पासून दोन्ही कामे एकाच पंपात आणली होती. ती मूळ कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली, आणि पुढच्या मालकांनी २०२० मध्ये एव्हिनरूड बनवणेही थांबवले. असे इंजिन ज्यांच्याकडे आहे, त्यांतले अनेक जण तेलाची बाजू बंद करून तोच पंप फक्त पेट्रोलसाठी वापरतात. आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीही हेच विचारले. "मास्तर, पंप बदलू की काढू?" आम्ही म्हटले, पैसे असतील तर बदला. पण नव्या पंपावर पहिल्याच दिवशी भरवसा ठेवू नका. पहिली टाकीभर पेट्रोलमध्येही ५०:१ तेल घाला, तेलाच्या टाकीवर पट्टी चिकटवून खूण करा आणि पातळी उतरते का ते पाहा. काढणार असाल तर नुसती नळी उपटू नका. पंपाच्या जागी पत्र्याची चकती बसवा, तेल जाण्याची तोंडे बंद करा, नाहीतर तिथून हवा शिरून इंजिन तापेल. त्यांनी पंप काढला.

आता तेल मिसळणे आले. ५०:१ म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर. नव्या इंजिनाला सुरुवातीला बहुधा २५:१, म्हणजे ४००. आमच्याकडे सातवीच्या मुलांना गुणोत्तर येते, फळ्यावर. पण घरी बाबा बाटलीच्या झाकणाने अंदाज घेतात, तेव्हा तीच मुले गप्प उभी असतात. तेलही मोटारसायकलचे चालत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेले हवे.

एक नवी अडचणही आहे. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि होडीतल्या टाकीला ओलाव्याची काय कमी! पाणी फार झाले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते आणि तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. नळीचे तोंड तळाशीच असते. म्हणजे तेल नीट मोजून मिसळले तरी इंजिनाला बिनतेलाचे पाणी जाऊ शकते. मिसळलेले पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नये. जुन्या पंपातले रबरही या पेट्रोलने लवकर खराब होते, म्हणून पडद्याचे एक जादा किट होडीत असू द्यावे.

विश्वस्तांकडे आमची मागणी फार मोठी नाही. प्रयोगशाळेत एक भंगारातले इंजिन, एक मोजपात्र आणि आठवी-नववीसाठी महिन्यातला एक शनिवार. पेट्रोल वर्गात आणायचे नाही, उघडलेला पंप पाण्यावर चालवून दाखवता येतो. मुलांनी घरी मोठ्यांशिवाय इंजिनाला हात लावू नये, हेही तिथेच शिकवता येईल. याने दहावीचा निकाल खाली येईल असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी गणिताच्या शिक्षकांशी बोलावे. ते आमच्या बाजूचे आहेत.

पालकांच्या घरी जुने निकामी पंप पडून असतील तर मुलांबरोबर, पुसून आणि कोरडे करून पाठवावेत. आतापर्यंत तीन आले आहेत. तिसऱ्याला अजून पेट्रोलचा वास येतो, तो व्हरांड्यात ठेवला आहे.