फुगवलेल्या आकड्यांचे पहिलवान

‘अनफेअर’ या सर्वांत कठीण डिफिकल्टीवर गेम संपवला म्हणून मिशीला पीळ भरणाऱ्या वीरांना मी एकच विचारतो : बिल्ड, म्हणजे पात्र घडवायचा आराखडा, कुणाचा? मग पंचाईत होते. तो तिसऱ्यानेच लिहून ठेवलेला असतो, पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत, कुठला फीट (खास कसब) कधी घ्यायचा यासकट. अपेक्षित प्रश्नसंच घोकून पास झालेले हे विद्वान आपल्याला डावपेचांवर प्रवचन देणार!

‘पाथफाइंडर : राथ ऑफ द रायचस’ (२०२१) घ्या. २५ क्लास, हजारावर मंत्र, फीट आणि क्षमता. आणि वरच्या डिफिकल्टीवर होतं काय? शत्रूचे आकडे फुगतात. तो फारसा शहाणा होत नाही, मुख्यतः जाड होतो. तुमचा वार लागेना, त्याचा चुकेना. मग ईश्वराला वाहून घेतलेला पॅलाडिन चिलखत उतरवून एका लेव्हलपुरता मंक होतो. का? करिष्म्याचा आकडा आर्मर क्लासमध्ये, म्हणजे वार चुकवायच्या आकड्यात, जमा होतो म्हणून! पात्रघडण म्हणे. ही तर हिशेबतपासणी झाली.

‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ (१९९७) माझा लाडका, म्हणून त्याच्यावर राग जास्त. रिओव्हानेस किल्ल्यात नायक रामझाला एकट्याने विग्राफ या शत्रूसमोर उभं करतात. आधीच्या लढाईनंतर सेव्ह करायचं आमंत्रण आहे, पण मागे फिरायची वाट बंद. रामझाला इतरांच्या जखमा भरणारा म्हणून घडवलंत? भोगा. आणि चौथ्या प्रकरणात तलवारबहाद्दर ऑर्लांडू आपल्या बाजूला आला की त्याच्या तलवारीपुढे बहुतेक लढाया लुटुपुटीच्या. याला काठिण्य म्हणायचं?

‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) तळावरचा विदर्स १०० सोन्याच्या नाण्यांत पात्र नव्याने घडवून देतो. कर्मठांना तेही खुपतं. चुकीची शिक्षा हवीच म्हणतात. चूक कसली? तिसऱ्या लेव्हलच्या निवडीचं फळ दहाव्या लेव्हलला कळणार आणि तोवर गेम त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. यात शिकायचं काय, कपाळ?

‘इन्टू द ब्रीच’ (२०१८) बघा. आठ बाय आठचा पट, तीन यंत्रं, आणि शत्रू कुठे मारणार ते आधीच डोळ्यांसमोर. तुमचा वार हुकण्याची भानगडच नाही. तरी घाम फुटतो! हरलात तर फाशाला शिव्या घालता येत नाहीत. असा पेच रचायला खेळाच्या नियमांवर डोकं शिणवावं लागतं. शत्रूचा आर्मर क्लास दहाने वाढवायला कोणताही नवशिका पुरतो.