राडारोड्यातली वास्तुकला कोणाची?

२०१७ साली नेदरलँड्समधील आइंडहोवन शहरात डिझाइन सप्ताहासाठी ‘पीपल्स पॅव्हिलियन’ हे तात्पुरते सभागृह उभे राहिले. सगळे साहित्य उसने आणलेले. खिळा, स्क्रू, गोंद काहीच नाही; लाकडी तुळया पट्ट्यांनी आवळलेल्या. दर्शनी भागाला घरगुती प्लॅस्टिक कचऱ्यापासून बनवलेल्या रंगीत फरशा. कार्यक्रम संपल्यावर उसने साहित्य मालकांकडे परत गेले. त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते.

आपल्या वस्तीत मात्र जुने पत्रे, वासे, पाडलेल्या इमारतीचे दरवाजे जोडून घर उभे राहिले की त्याला ‘अतिक्रमण’ म्हणतात. हात तितकेच कुशल. पण एकाच्या नावापुढे पदवी लागते, दुसऱ्याच्या नावामागे जात.

मला पत्र्याच्या घरांचा गौरव करायचा नाही. तात्पुरतेपण निवडले तर ती कला, लादले तर तो अन्याय. पालिकेने तात्पुरते निवारे, अभ्यासिका जुन्या साहित्यातून जरूर बांधाव्यात. पण राडारोडा वेचणाऱ्या कामगाराला आराखडा ठरवताना सोबत बसवा, त्याची मजुरी लेखी ठरवा. आणि अशी शेड दाखवून आमचा पक्क्या घराचा हक्क पुढे ढकलू नका.

जय भीम!