शाळेची लागण झाली, खोडव्याचे काय?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीस आम्ही गेलो होतो. विषय खोडवा व्यवस्थापनाचा. पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, नांग्या वेळेवर भरा, हे सांगून झाले. चहा झाला आणि गावच्या माध्यमिक शाळेचा विषय निघाला. शाळेला कमान बांधावयाची, त्यासाठी उसाच्या बिलातून सभासदांनी काही रक्कम द्यावी, अशी सूचना आली. बहुतेकांनी माना डोलावल्या. कोणीतरी आम्हालाच विचारले, "साहेब, तुमचं काय मत?" त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. आम्ही कारखान्याचे नोकर. गावच्या शाळेत तोंड घालणे बरे दिसत नाही. पण घरी आल्यावर मनाला लागून राहिले. म्हणून ते मत आता लिहितो. ते आमचे स्वतःचे आहे, कारखान्याचे नव्हे.

कमानीला आमचा विरोध आहे. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे शिक्षण उर्दूतून. विद्यापीठच उर्दूतून म्हटल्यावर त्याखालच्या सरकारी शाळाही त्याच वळणाच्या. वस्तानिया म्हणजे मधली शाळा, फौकानिया म्हणजे हायस्कूल, हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होते. घरात मराठी किंवा कानडी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोराने गणित-भूगोल उर्दूतून शिकावे, हे काय साधे काम होते? उर्दू गोड भाषा आहे, तिच्याशी आमचे वैर नाही. पण पोर चौथीपर्यंत यायचे आणि गुरांमागे जायचे. जुन्या भागधारकांच्या अर्जांवर आजही पाहा, काही सह्या उर्दूत आणि कितीतरी नुसते अंगठे.

शहरातल्या मंडळींनी आपापल्या परीने वाट काढली. १९०७ साली गुलबर्ग्यात नूतन विद्यालय आणि हैदराबादेत विवेकवर्धिनी, १९१५ साली औरंगाबादेत सरस्वती भुवन. तिथे वकील होते, व्यापारी होते, वर्गणी देणारे हात होते. खेड्यात काय होते?

तरी खेड्यात शाळा निघाली, आणि ती आपल्या शेजारी. हिप्परगा (रवा), आता लोहारा तालुक्यात आहे. लोकमान्य टिळक १९२० साली गेले, असहकाराचे वारे सुटले, आणि १९२१ साली व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा काढली. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी अनुदानाला हात न लावणारी शाळा. पुढे तर निजाम सरकारने नियमच केला की परवानगीवाचून खाजगी शाळा चालवावयाची नाही. म्हणजे वरून पैसा नाहीच, उलट नजर मात्र आहे. अशा शाळेत मास्तरांचा महिना कसा निघत असेल, याचा विचार आपण करावा. एक वर्ष उत्साहाने वर्गणी कोणीही देतो. दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देतो. आपला भाग कोरडवाहू, तेव्हा ना ऊस ना धरण. ज्वारी-तुरीवर गाव जगायचे. तिसऱ्या वर्षी देणाऱ्यांत आणि चालवणाऱ्यांत कुरबूर लागते. शाळा उघडण्यापेक्षा ती पाचव्या-सातव्या वर्षी चालू ठेवणे हे खरे काम होते.

हिप्परग्याची शाळा त्या सातव्या वर्षाच्या पुढे गेली, आणि १९२९ साली तिला एक मुख्याध्यापक मिळाला. सोलापुरात शिकलेला, पुण्याच्या टिळक महाविद्यालयाचा पदवीधर, ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगारांत काम केलेला, आणि आजारपणाने खचलेला तरुण. नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. इथेच असताना त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. मुक्तिसंग्रामाचे पुढारी म्हणून त्यांना सगळे ओळखतात; १७ सप्टेंबरला हारही घालतात. पण १९३८ च्या सत्याग्रहाआधीची त्यांची उमेदीची वर्षे शाळेत गेली, १९३५ पर्यंत हिप्परग्याला आणि नंतर आंबेजोगाईला, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? हिप्परग्याचे नाव इतिहासात राहिले ते कशामुळे? इमारत कशी होती, दगडाची की कुडाची, हे कोणी विचारीत नाही. तिथे कोण शिकवीत होते हेच लोक सांगतात.

तिकडे सातारा भागात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळ काले येथे सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडले, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. आम्हाला मात्र त्यांची मुष्टिफंडाची युक्ती जास्त मोलाची वाटते. बाईने रोज दळणातले मूठभर धान्य बाजूला काढावयाचे. एका मुठीने कोणाचे घर बुडत नाही. पण रोजची मूठ असली की रोज चूल पेटते. देणगी एकदाच येते, मूठ रोज यावी लागते.

आता आमची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आम्ही आठवीत होतो. शाळेच्या भिंती गेल्या. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरायचा. उन्हात पत्रा तापायचा, पाऊस आला की सरांचा आवाज ऐकू यायचा नाही. पण सर येत. एकही तास बुडाला नाही, असे म्हटले तरी चालेल. दहावीला गेलो तोवर नवी इमारत उभी राहिली होती, स्लॅबची, कोनशिला बसवलेली. आणि त्याच वर्षी गणिताचे सर गेले ते पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत जागेवर कोणीच नाही. आमचे गणित तिथे बसले. कृषी पदविका झाली, नोकरी लागली, तक्रार नाही. पण पदवीला जाण्याची हौस होती, ती राहून गेली. शाळेचे नाव घेत नाही. ती इमारत अजून चांगली आहे.

लागण करताना आपण किती मन लावतो! बेणे निवडतो, ८६०३२ कुठे चांगले मिळेल म्हणून चार गावे फिरतो. आणि खोडवा? तुटला ऊस, दिले पाणी, येईल तसा येईल. मग टनेज घटले की दोष कारखान्याला. शाळेचेही आपण तेच केले. गावोगाव हायस्कुले उभी राहिली, ती लागण. त्यानंतर नांग्या कोणी पाहिल्या?

एक गोष्ट कडू आहे, पण लिहितोच. उसाचे चार पैसे आले आणि आपण आपली पोरे पिवळ्या गाडीत बसवून उमरग्याला, नाहीतर लातूर-सोलापूरला धाडली. पोराचे भले बघितले, यात गैर काही नाही. आमची मुलगीही तशीच जाते. तेव्हा कोणत्या तोंडाने बोलावे? पण पट कमी झाला की मंजूर शिक्षकाचे पद जाते. मग राहतात ती शेतमजुरांची पोरे आणि ज्यांना लांब धाडत नाहीत अशा मुली, आणि एक शिक्षक दोन विषय ओढतो. बैठकीत कमानीला हात वर करणाऱ्यांपैकी ज्यांची मुले त्या शाळेत आहेत, असे आम्ही मनात मोजले. दोन भरले.

म्हणून आमचे म्हणणे असे. कमानीची रक्कम आठवी ते दहावीच्या गणित आणि इंग्रजीच्या मानधनी शिक्षकांकडे वळवावी. एकाच वर्षी नको, निदान पाच वर्षे, बिलातून थोडी थोडी. उसाचा भाव कमी मिळाला त्या वर्षीही. शाळा व्यवस्थापन समितीवर पद म्हणून बसू नये, महिन्यातून एकदा वर्गात बसावे. मुलगी चार दिवस शाळेत दिसली नाही तर तिच्या घरी कोण जाणार, हे नावानिशी ठरवावे. गटात चिटबॉय कोणत्या प्लॉटवर जाणार हे आपण ठरवतोच ना?

कमानीचा ठराव पुढच्या बैठकीत पुन्हा येणार आहे, असे कळते. त्या दिवशी आमची खोडव्याच्या प्लॉटची पाहणी त्याच शिवारात आहे. पाहणी आटोपून आम्ही येऊ, आणि या खेपेस विचारले तर हसून वेळ मारून नेणार नाही.